महिन्याला एक कप

आमच्या घरात कॉफीवरून पहिलं भांडण पेटलं ते सुनेनं कॉफी सोडली म्हणून नव्हे. तिनं मलाही सोडायला सांगितली म्हणून.

मी ज्योत्स्ना काळमेघ. परतवाड्याच्या वीज कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर तयार ठेवायची सवय लागली. आमच्या डोक्यावर चिखलदऱ्याचा डोंगर, आणि त्या डोंगरावर इंग्रजांच्या काळापासून कॉफीची झाडं. पायथ्याशी राहून कॉफी प्यायची नाही, हे मला पटणारं नव्हतं. आणि माझी कॉफी म्हणजे दुधात उकळलेली, वर जायफळ किसलेलं. ती घेतल्याशिवाय माझी दुपार उतरत नाही.

"आई, या एका कपामागं शंभर लिटरहून जास्त पाणी जातं," ओवी म्हणाली. ओवी माझी सून. निनाद, माझा मुलगा, हैदराबादला असतो आणि ही इथून रोज अमरावतीला प्रयोगशाळेत जाते. सूक्ष्मजीवशास्त्रात तिनं मोठी पदवी घेतली आहे.

"मी पाणी टाकतच नाही. नुसत्या दुधाची करतो," मी म्हणाले.

ती हसली नाही. ओवी नाशिकची. आमच्या वऱ्हाडी बोलण्यावर इतर वेळी फिदीफिदी हसते, पण कॉफीचा विषय निघाला की तिचा चेहरा परीक्षेच्या हॉलमधल्या पर्यवेक्षकासारखा होतो. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. उन्हाळा आता फेब्रुवारीतच सुरू होतो, दुपारी बाराला उष्म्याचा भोंगा वाजला की रस्ते रिकामे होतात. कॉफीच्या झाडाला असं ऊन सोसत नाही. जगभर ते थंडाव्याच्या शोधात डोंगर चढत गेलं, आणि त्याच्या पुढं पुढं जंगल तुटत गेलं. ब्राझीलपासून आमच्या मेळघाटापर्यंत तेच. तोडणीला येणारी माणसं भोंगा वाजला तरी उतारावर उभी असतात. कॉफीच्या प्रत्येक पाकिटावर ती तोडणाऱ्याचं नाव आणि गाव छापलंच पाहिजे, यासाठी ओवीनं दोन वर्षं चळवळ केली होती. मग कंटाळून तिनं दुसरा मार्ग धरला. माणसांना कॉफी सोडायला सांगण्यापेक्षा एकच कप महिनाभर पुरवायचा.

तिनं मला ते ओट्यापाशी उभं करून समजावलं.

"आपण थकतो तेव्हा मेंदूत एक द्रव्य साचतं. ते आपल्या ठरलेल्या खुर्चीत जाऊन बसलं की झोप येते. कॉफीतलं कॅफीन काय करतं? त्या खुर्चीत आधीच जाऊन बसतं. थकवा बाहेर ताटकळत राहतो. पण पाच-सहा तासांत यकृत त्यातलं निम्मं कॅफीन मोडून टाकतं. मोडतं म्हणजे त्याची एक बारीकशी शेपटी तोडतं. खुर्ची रिकामी होते, आणि तुम्ही दुसरा कप मागता."

"मग?"

"मग आम्ही एक जंतू तयार केलाय. तो पोटात राहतो आणि तुटलेली शेपटी परत जोडून देतो. तेच कॅफीन पुन्हा रक्तात. शरीरातल्या शरीरात फेरवापर. महिन्याला एक कप पुरे."

"म्हणजे महिनाभर शिळी कॉफी."

"आई!"

त्या औषधाचं नाव 'आवर्तन'. ओवीच्या कंपनीचा त्याच्यावर फार जीव. आणि मला कौतुक वाटावं अशी एक गोष्ट त्यात होती. हा जंतू त्यांनी घडवला तो माझ्या दह्यातल्या जंतूपासून. लग्नाच्या वर्षी ओवीनं माझं दही खाल्लं आणि डबीभर प्रयोगशाळेत नेलं. ते विरजण मी दर्यापूरहून, माहेराहून आणलेलं. बदल्यांमध्ये, प्रवासात, कुठंही तुटू दिलेलं नाही. दही असं लागतं की भांडं उपडं केलं तरी पडत नाही. गल्लीतल्या घराघरांनी ते माझ्याकडून नेलेलं, त्यांनी पुढं लेकीबाळींना दिलेलं. ते आता जगाची जंगलं वाचवणार म्हटल्यावर मी चार दिवस जमिनीवर नव्हते.

तरी कॅप्सूल मात्र मी घेतली नाही. ओवीनं घेतली. चाचणीतली स्वयंसेवक म्हणून महिन्याची पहिली तारीख तिची ठरलेली.

त्या सकाळी काय झालं ते इथंच सांगते, कारण पुढचं सगळं त्याच वाटीतून निघालं. कॅप्सूल गिळताना ओवीला उमासे येतात. पत्रकात लिहिलं होतं, कॅप्सूल उघडून दह्यात कालवून घेतली तरी चालेल. तिनं वाटीभर दह्यात पूड कालवली, त्यातलं अर्धं दुसऱ्या वाटीत काढून खाल्लं आणि फोन आला म्हणून पळाली. ती घाईत असली की सगळंच अर्धं टाकून जाते. मी स्वयंपाकघरात आले तर ओट्यावर स्वच्छ अर्धी वाटी दही. चमचा बाजूला. उष्टं नाही, आंबलेलं नाही. दही कोणी फेकतं का? दूध कोमट झालंच होतं. मी ती वाटी पातेल्यात रिकामी केली आणि झाकण ठेवलं. उन्हाळ्यात कोणाचं ना कोणाचं विरजण बिघडतंच, त्यामुळे त्याच दिवसांत गल्लीतल्या बायका वाट्या घेऊन माझ्याकडं येऊन गेल्या.

पत्रक लिहिणाऱ्याच्या डोक्यात दही म्हणजे दुकानातला डबा होता. उघडला, खाल्ला, फेकला. आजच्या दह्यातून उद्याचं दही होतं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

पुढच्या दोन-तीन आठवड्यांत मी तरुण झाले. खरंच सांगते. पहाटे जाग यायची ती एकदम टक्क. माळ्यावरची पितळी भांडी काढून चिंचेनं घासली. मसाल्याचे डबे रिकामे केले, धुतले, भरले, आणि झाकणं नीट लागली नाहीत म्हणून परत रिकामे केले. निनादला फोन करून एवढं बोलले की तो म्हणाला, "आई, श्वास घे." समोरच्या वर्षा ढोमणे भर उन्हात गच्ची धूत होत्या. कोपऱ्यावरच्या गुरुजींनी अंगणातल्या फरश्या उखडून नव्यानं बसवायला घेतल्या आणि मध्येच सोडून कुंपण रंगवायला लागले. गल्लीत गाडी लावण्यावरून, कचऱ्यावरून, कशावरूनही आवाज चढायला लागले. चौकातल्या चहाच्या टपरीवर माणसं बसेनाशी झाली. उभ्या उभ्या चहा प्यायची आणि पाय हलवत राहायची. मी रात्रीची जेमतेम तीन-चार तास झोपत होते आणि वर सगळ्यांना सांगत होते, माणसानं कामात राहिलं की वय जाणवत नाही. भांडी घासून झाली की बोटं ओट्यावर ताल धरायची. तो ताल मला थांबवता येत नव्हता, हे मात्र मी कोणाला सांगितलं नाही.

आमचे हे, विलासराव, तेवढे शांत होते. ते मुळातच शांत. त्यांच्या हृदयाचे ठोके काही वर्षांपासून अनियमित आहेत. छातीवर चिकटपट्टीसारखं यंत्र असतं, रक्त पातळ ठेवायची गोळी असते, आणि डॉक्टर मालोकरांची परवानगी असलेला सकाळचा अर्धा कप पांचट चहा असतो. जेवताना वाटीभर दही मात्र लागतंच.

भोंगा वाजून गेला होता. हे दिवाणावर वर्तमानपत्र घेऊन बसले होते आणि कागद फडफडत होता. मला वाटलं पंखा. पंखा बंद होता.

"अहो, काय झालं?"

"काही नाही. छातीत पाखरू सोडल्यासारखं वाटून राहिलं."

एवढं बोलून ते हसायला गेले, आणि छातीवरच्या यंत्रानं शिट्टी घातली.

डॉक्टर मालोकर समोरच्याच रस्त्यावर, म्हणून बरं. त्यांनी इंजेक्शन दिलं, रक्त तपासलं, आणि कागद डोळ्यांजवळ नेऊन परत लांब धरला.

"काकू, काका चहा किती घेऊन राहिले?"

"अर्धा कप. मीच मोजून देतो."

"यांच्या रक्तात किटलीभर चहाचं कॅफीन आहे."

"मग तुमची मशीन बिघडली," मी म्हणाले. तीस वर्षं लोक मला मीटरबद्दल हेच सांगायचे.

ओवी माझ्या मागं उभी होती. तिनं तो कागद घेतला. तिचा चेहरा पाहून माझ्या तोंडातलं पुढचं वाक्य जिरलं. ती तशीच घरी निघाली, मी तिच्या मागं. तिनं फ्रिज उघडला, दह्याचं पातेलं काढलं, एक थेंब तिच्या हातातल्या चाचणी-यंत्रावर सोडला. आम्ही दोघी ओट्यापाशी उभ्या. यंत्राच्या काचेवर जांभळी रेघ आली.

"त्या दिवशीची माझी वाटी," ती म्हणाली. "ओट्यावर ठेवलेली. आई, ती कुठं गेली?"

मी पातेल्याकडं बोट केलं.

मग जे झालं ते फार चांगलं नव्हतं. मी म्हणाले, माझ्या घरात जंतू कोणी आणले? ती म्हणाली, मला न विचारता वाटी कोणी उचलली? मी म्हणाले, स्वयंपाकघर कोणाचं आहे? ती म्हणाली, बाबा कोणाचे आहेत?  तिचे डोळे भरले होते आणि माझी बोटं ओट्यावर वाजत होती. मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि तिला जवळ घ्यावंसंही वाटलं. मी दोन्हीतलं काहीच केलं नाही.

तिनं खाली बसून सांगितलं. जंतू माझ्याच दह्यातून घडवलेला, म्हणून माझ्या दह्यात त्याला कोणी परका मानलं नाही. तो माहेरी आल्यासारखा रुजला. तो पोटाबाहेर पसरू नये म्हणून कंपनीनं त्याच्यात एक टाचणी ठेवली होती. ठरावीक दिवसांनी ती टोचावी आणि त्यानं आपोआप मरावं. पण पातेल्यात रोज दूध, रोज नव्या पिढ्या. कुठल्याशा पिढीत ती टाचणी गळून पडली.

"कॅप्सूल घेणाऱ्यांना आम्ही चहा बंद करायला लावतो," ओवी म्हणाली. "महिन्याला एक कप, बस. पण ज्यांना आपल्या पोटात काय आहे हेच माहीत नाही ते दिवसाला पाच कप चहा पितात. त्यातलं फारसं काही बाहेर पडत नाही. बाबांचा रोजचा अर्धा कप. कालचा, परवाचा, त्याच्या आधीचा. सगळे आत आहेत."

मला ते अर्धे कप दिसायला लागले. मीच ओतलेले, मीच पांचट केलेले, काळजीनं.

आम्ही परत दवाखान्यात गेलो तेव्हा डॉक्टर मालोकरांनी लपवलं नाही. चहा आजपासून बंद करायचाच, पण आतलं कॅफीन उतरायला जंतू जायला हवा. त्याला मारणारं औषध यांच्या हृदयाच्या गोळीबरोबर देता येत नाही, जिवाला धोका. आणि ठोके असेच राहिले तर रक्ताची गुठळी मेंदूकडं जाऊ शकते. कधी, ते सांगता येत नाही. ओवीनं कंपनीत फोन लावला. तिच्या साहेबांनी आधी माहिती पूर्ण गोळा करायला सांगितली, उतारा तयार व्हायला तीन महिने लागतील म्हणाले, आणि तोवर बाहेर बोलू नकोस असंही म्हणाले. ओवीनं फोन ठेवला आणि सगळा अहवाल जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना पाठवून दिला. पाठवल्यावर ती बराच वेळ हाताची नखं खात होती.

"नोकरी जाईल तुही," मी म्हणाले.

"जाऊ दे. आवर्तन पण जाईल. परत जंगलं तुटतील." मग म्हणाली, "बाबांच्या पोटातून त्याला हुसकावेल असं दुसरं दहीच शोधायला पाहिजे. जिवंत, घरचं, जुनं."

"दुकानातलं?"

"त्यात एक-दोनच पाळीव जंतू असतात. ते पोटात टिकत नाहीत, पाहुण्यासारखे येऊन जातात. घरच्या दह्यात पुष्कळ प्रकारचे असतात, आणि त्यांच्यात मारामाऱ्या चालू असतात. आपल्या जंतूला मारणारं दही कुठंतरी असेल. पण ते तुमच्या विरजणाच्या वंशातलं नको."

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती यंत्र घेऊन गल्लीत निघाली. ढोमणेंकडं जांभळी रेघ. गुरुजींकडं जांभळी. मागच्या आळीत, गुरुजींच्या लेकीच्या सासरी, जांभळी. दुपारी ती परत आली तेव्हा घामानं निथळत होती.

"सगळीकडं आहे आई. सगळीकडं तुमचंच विरजण. फक्त एका घरात नाही. तिथल्या दह्यात मी आपला जंतू मुद्दाम सोडून पाहिला. चार तासांत सगळा मेला."

"कोणतं घर?"

"तायडे मॅडमचं."

पंचशीला तायडे. गल्लीतलं सगळ्यात नीट बांधलेलं घर. बांधकाम खात्यात अभियंता होत्या, पूल बांधायच्या. वाटेत दिसल्या की आम्ही हसतो. वर्गणीला जातो. पावसात त्यांची गाडी बंद पडली होती तेव्हा यांनीच ढकलली.

"त्यांच्याकडं कसं नाही पोचलं?" ओवीनं विचारलं. तिला खरंच कळलं नव्हतं. "इथून तिथं दहा पावलं आहेत."

"त्यांनी कधी मागितलं नाही," मी म्हणाले. उत्तर तयारच होतं.

"आणि तुम्ही कधी दिलं नाही?"

 जात हा शब्द आमच्या गल्लीत कोणी उच्चारत नाही. तो न उच्चारता सगळं व्यवस्थित चालतं. संक्रांतीला त्यांना वाण जातं, पण बंद डब्यातला तिळगूळ दुकानचा असतो. त्यांच्याकडून आलेला केक आम्ही कामवालीला देतो. दूध, दही, विरजण या गोष्टी तिकडं जात नाहीत आणि तिकडून येत नाहीत. हे कोणी ठरवलेलं नाही, असं आम्ही समजतो. ओवी लग्न होऊन आली तेव्हा तिलाही कोणी सांगितलं नव्हतं. आणि इतक्या वर्षांत तिच्याही ते लक्षात आलं नव्हतं. तिचा चेहरा पाहिला तेव्हा कळलं, हे तिला आत्ता लक्षात येत होतं.

मी वाटी घेतली. ती ठेवली. मोठा डबा घेतला.

तायडे मॅडम दारातच होत्या. ओवीनं सकाळी त्यांना थोडंफार सांगितलं होतं.

"या," त्या म्हणाल्या. "बसा."

मी बसले, पण पाय हलत राहिले. मी सगळं एका दमात सांगितलं. हे, ठोके, गुठळी, विरजण.  मला कोणी मध्ये न तोडता ऐकून घेतलं की भीती वाटते.

"काळमेघ मॅडम," त्या म्हणाल्या, "माझी घरभरणी आठवते तुम्हाले?"

"आलो होतो ना आम्ही."

"आला होता. पाकीट दिलं. ताट केलं होतं मी तुमच्यासाठी. तुम्ही म्हणाल्या, उपास आहे."

"असेल त्या दिवशी."

"हाव. त्या दिवशी आख्ख्या गल्लीलेच उपास होता."

आवाज चढला नव्हता. मला वाटलं, चढवावा. भांडण झालं असतं तर मला सोपं गेलं असतं. मी खाली पाहिलं. त्यांच्या फरशीवर एक डाग नव्हता. मला लाज वाटली. एवढी वाटली की बोटंसुद्धा वाजायची थांबली.

"मी चुकलो," मी म्हणाले. "आम्ही सगळेच. पण मी माझं बोलतो. यांच्यासाठी आलो नसतो तर आजही आलो नसतो, हेही खरं आहे."

 त्या उठून आत गेल्या आणि मातीचं मडकं घेऊन आल्या. सोबत एक वाटी, एक चमचा.

"हे माझ्या मायचं विरजण. पूर्णेच्या काठचं. नेण्याआधी तुम्ही इथं बसून खा. तुमच्याही पोटात तो आहेच ना?"

मी खाल्लं. खरं सांगायचं तर माझ्या दह्याइतकं घट्ट नव्हतं. आंबट जरा जास्त. वाटी चाटूनपुसून संपवली.

त्यांनी डबा काठोकाठ भरला आणि झाकण लावायच्या आधी हात ठेवला.

"गल्लीत पण वाटणार ना हे?"

"वाटावंच लागेल. ढोमणेंची सासू बीपीची आहे. गुरुजींचं बायपास झालेलं."

"वाटा. जिवाचा प्रश्न आहे, मी अडवणार नाही. पण कोणाच्या घरचं आहे ते सांगून वाटा. नाव लपवून माझं दही कोणाच्या पोटात जायला नको."

मी हो म्हणाले. हो म्हणणं सोपं होतं.

फाटकाबाहेर ओवी उभी होती. तिनं डबा माझ्या हातातून घेतला आणि हळूच म्हणाली, "आई, ऐका. लॅबमधून आणलंय म्हणून सांगू."

"काय?"

"नाव सांगितलं तर निम्मे लोक खाणार नाहीत. तुम्हाला माहितीये. ढोमणे आज्जी खाणार नाहीत, गुरुजी खाणार नाहीत. आणि त्यांनाच गरज आहे. कोणी गेलं तर? आपल्या वाटीमुळं गेलं तर? आधी जीव वाचू देत. मग सांगू सगळं, हवं तर."

 ती खोटारडी नाही. ती घाबरली होती, आणि तिचं गणित बरोबर होतं. ढोमणेंची सासू उंबऱ्याबाहेरचं पाणी पीत नाही, हे मला तिच्यापेक्षा जास्त माहीत. मी क्षणभर तयारही झाले. 'लॅबचं आहे' एवढे दोन शब्द, आणि संध्याकाळपर्यंत घराघरात वाट्या पोचल्या असत्या. तायडे मॅडमना कळलंही नसतं. कळलं असतं तरी त्या हसल्याच असत्या वाटेत, नेहमीसारख्या.

"ओवी," मी म्हणाले, "कॉफी कोणी तोडली त्या मजुराचं नाव पाकिटावर पाहिजे, म्हणून तू भांडलीस ना?"

"ते वेगळं आहे."

"काहून वेगळं? तो दूर आहे म्हणून?"

 तिनं डबा माझ्याकडं परत दिला.

उष्म्याचा दुसरा भोंगा, रस्ते उघडल्याचा, नुकताच झाला होता. दारं किलकिली होत होती. गुरुजी अर्ध्या रंगवलेल्या कुंपणापाशी ब्रश घेऊन उभे. वर्षा ढोमणे गच्चीवर. मी गल्लीच्या मधोमध उभी राहिले. तक्रारीच्या खिडकीवर माझा आवाज शेवटच्या माणसापर्यंत जायचा. तो अजून तसाच आहे.

"आपल्या सगळ्यांच्या दह्यात बिघाड झालाय," मी म्हणाले. "झोप नाही, छाती धडधडून राहिली, ती त्याच्यानं. माझ्या घरातून पसरलं ते. घरातलं सगळं दही फेका, विरजण ठेवू नका, चहा-कॉफी बंद करा. हे नवीन विरजण आहे. हेच खायचं आणि हेच लावायचं. ओवीनं तपासलंय."

"कुठलं आहे काकू?" वर्षा ढोमणेंनी वरून विचारलं.

 तायडे मॅडम त्यांच्या फाटकात उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं.

"तायडे मॅडमच्या घरचं."

 गुरुजींनी ब्रश डब्यात बुडवला आणि त्याच फळीवरून परत एक हात फिरवला. वर्षा म्हणाल्या, "घरात विचारून सांगतो हं," आणि गच्चीवरून दिसेनाशा झाल्या. कुठलंसं दार लागलं. ओवीनं माझ्याकडं पाहिलं, आणि त्या पाहण्यात 'सांगितलं होतं' असं स्पष्ट होतं. मला रडू येत होतं. या बायका माझ्या हातचं दही वर्षानुवर्षं खात आल्या, आणि आज मी त्यांना मारायला निघालेय की वाचवायला, हे माझं मलाच कळेना.

आमचं दार उघडलं.

हे बाहेर आले. डॉक्टरांनी उठायची मनाई केली होती. एक हात छातीवरच्या यंत्रावर, दुसऱ्यात स्टीलची वाटी. पायरी उतरताना थांबले, दम घेतला, पुढं आले. मी धावणार होते, त्यांनी मानेनंच नको म्हटलं. एवढ्याशा गल्लीत एवढा वेळ लावून चालताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. गुरुजींचा ब्रश थांबला.

हे माझ्यापाशी आले आणि त्यांनी वाटी पुढं केली. मी ती भरली.  थोडं दही रस्त्यावर सांडलं.

"चमचा विसरलो," ते म्हणाले, आणि तिथंच, भर गल्लीत, सगळ्या खिडक्यांसमोर, बोटांनी खायला लागले. घाईघाईनं, लहान पोरासारखे, मिशीला दही लावून.

ढोमणेंच्या ओट्यावर त्यांची सासू येऊन उभी राहिली होती. हातात वाटी होती की नुसताच पदर धरला होता, ते मला डोळ्यांतल्या पाण्यानं नीट दिसलं नाही.

तायडे मॅडम फाटकाबाहेर आल्या. "सावकाश खा हो काळमेघ," त्या म्हणाल्या. "घरात आणखी आहे."